कटवर्कसाठी बोरिंग सुई : लहान भोकांना उत्तम, मोठ्या आकारांना अपुरी

सुती कापडावर भोकांची नक्षी (कटवर्क) हवी असली की ग्राहक सरसकट ‘हकोबा’ मागतात. असे कापड तयार करणाऱ्या भरतकामाच्या मोठ्या शिफली मशीनवर भोके पाडणाऱ्या अवजारांची स्वतंत्र रांगच असते. लहान कारखान्यातील सिंगल हेड (एकाच शिलाई-डोक्याच्या) कॉम्प्युटर भरतकाम मशीनवर हे काम एकाच बोरिंग सुईकडून करून घ्यावे लागते. कुर्त्यांचे गळे आणि बाह्यांचे काठ यांसाठी ही सुई आम्ही नियमित वापरत आहोत.

या सुईला नेढे नसते आणि तिच्यात दोरा ओवायचा नसतो. टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या तिच्या अंगाला धारदार कडा असतात. त्यामुळे ती कापडात जितकी खोल उतरेल तितके भोक मोठे होते. येथे कापडाचा तुकडा कापून निघत नाही. धागे चिरले जाऊन खालच्या बाजूला वळतात आणि त्यानंतरची सॅटिन शिलाई (शेजारी शेजारी घातलेले दाट टाके) त्यांना गुंडाळून घेते. भोकाची कड भरीव दिसते आणि धुण्यात टिकते, ती यामुळेच. कात्रीने कापलेल्या भोकाला असा घट्टपणा क्वचितच येतो, आणि सुईखाली दोरा पकडणाऱ्या हुकाजवळ कापडाचे कपटे साचत नाहीत हा आणखी एक लाभ.

सुई बसवण्यापूर्वी मात्र बरीच तयारी करावी लागते. निडल प्लेटचे (सुईखालच्या पट्टीचे) भोक पुरेसे मोठे नसेल तर सुईचे अंग प्लेटवर आदळते, म्हणून पहिल्यांदा चाक हाताने फिरवून सुई पूर्ण खाली नेऊन पाहावी. बोरिंग सुई ज्या क्रमांकाच्या जागी बसवली तेथील दोरा तुटल्याची सूचना देणारा सेन्सर बंद करावा लागतो, अन्यथा दोरा नाही असे समजून मशीन पुन्हा पुन्हा थांबते. आम्ही शेवटचा निडल बार (सुई धरून वरखाली होणारी कांडी) याच कामासाठी राखून ठेवला आहे, म्हणजे खोलीची जुळणी दर वेळी नव्याने करावी लागत नाही.

माझ्या मते या सुईचे यश तिच्या धारेइतकेच पंचिंगवर (मशीनसाठी टाक्यांचा आराखडा तयार करण्यावर) अवलंबून आहे. भोकाभोवती आधी साधी धावती शिलाई घालून कापड बांधून घ्यावे, मग बोरिंगचे टाके, त्यानंतर झिगझॅगचा पाया आणि शेवटी सॅटिन, हा क्रम सोडला तर उत्तम सुईही फुकट जाते. धावती शिलाई भोकाच्या फार जवळ आली तर बोरिंगच्या वेळी तीच कापली जाते, आणि फार लांब राहिली तर सॅटिनच्या बाहेर उघडी दिसते. फ्रेममध्ये कापड ढोलकीसारखे ताणलेले असावे. सैल कापडात सुई धागे कापण्याऐवजी ओढते आणि गोल भोक लंबुळके होते.

कॅम्ब्रिक आणि पॉपलिन यांवर निकाल उत्कृष्ट आहे. रेयॉनवर खाली पेपर (कापडाला आधार देणारा थर) चांगला घट्ट लावला तर काम जमते. जॉर्जेटसारख्या कृत्रिम धाग्याच्या कापडासाठी मी ही सुई सुचवणार नाही, कारण तेथे उष्णतेने कापल्यास कड वितळून आपोआप बंद होते आणि सुईने तसे होत नाही. उलट सुती कापडावर उष्णतेने कड काळपटण्याची भीती असते, म्हणून तेथे सुईच योग्य.

पाने, पाकळ्या किंवा मोठ्या जाळ्या कापायच्या असतील तर बोरिंग सुई अपुरी पडते. त्यासाठी चपट्या पात्याच्या चार सुयांचा कटवर्क संच मिळतो. त्यातील पाती शून्य, पंचेचाळीस, नव्वद आणि एकशे पस्तीस अंशांत असतात, आणि वळणाच्या दिशेप्रमाणे मशीन एकेक पाते वापरत जाते. मोकळ्या जागेवर सॅटिनला आधार मिळावा म्हणून कापल्यानंतर पाण्यात विरघळणारा पेपर लावावा लागतो. या संचाचे काम सुबक होते, परंतु लहान गोल भोकांसाठी तो खटाटोप करण्याची गरज नाही.

धार गेल्याचे पहिले लक्षण भोकाच्या मागच्या बाजूला दिसते: तुटलेल्या धाग्यांऐवजी ताणलेले, पिंजलेले धागे लोंबू लागतात आणि सॅटिन त्यांना झाकू शकत नाही. अशी सुई घासून पुन्हा वापरण्यापेक्षा बदललेली बरी. आमच्या विक्रेत्याने दिलेल्या पाकिटावर सुईचा दांडा (मशीनमध्ये बसणारा वरचा भाग) गोल आहे की एका बाजूने चपटा, याचा उल्लेखच नव्हता, आणि हा उल्लेख असायलाच हवा. व्यावसायिक मशीनच्या डीबीएक्सके५ या प्रकारच्या सुईचा दांडा गोल असतो, तर घरगुती मशीनचा चपटा. तेव्हा मागणी नोंदवताना मशीनचे मॉडेल आणि दांड्याचा प्रकार दोन्ही लिहून द्यावेत.