जीपीएस मास्टर क्लॉकच्या नावाखाली आमच्या धर्मादाय रुग्णालयाचे ११,१२,०३२ रुपये गेले

रक्कम आधी सांगतो, कारण ठाण्यातल्या अंमलदारापासून नात्यातल्या माणसांपर्यंत प्रत्येकजण "घड्याळांचे एवढे?" असंच विचारतो. ६४ घड्याळं, प्रत्येकी ८,७५० रुपये, म्हणजे ५,६०,०००. जीपीएस मास्टर क्लॉक, म्हणजे उपग्रहांवरून वेळ घेऊन बाकीच्या घड्याळांना देणारं मुख्य घड्याळ, १,८५,०००. केबलिंग आणि बसवणूक १,१२,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी १,५४,३३२. झाले १०,११,७३२. वर वार्षिक देखभाल करार, करासह १,००,३००, तोही आगाऊ. ऑर्डरसोबत सहा लाख, माल उतरल्यावर तीन लाख, यंत्रणा चालू करून दिल्यावर बाकीचे १,११,७३२. हे देणगीदारांचे पैसे होते. कोणी आईच्या नावानं दिलेले, कोणी पेन्शनमधून दिलेले. म्हणून झोप लागत नाही.

रुग्णालयाच्या इमारत-देखभालीची जबाबदारी माझ्याकडे आहे. पाच मजली इमारत, त्यात लेबर रूम, आयसीयू, दोन ऑपरेशन थिएटर. जन्माची वेळ, मृत्यूची वेळ, भूल कधी दिली, इंजेक्शन कधी दिलं, हे सगळं भिंतीवरचं घड्याळ बघून लिहिलं जातं. साध्या सेलच्या घड्याळांत मिनिटांचा फरक पडतो, म्हणून एका मास्टरवर चालणारी यंत्रणा घ्यायचं ठरलं. तीन कोटेशनं मागवली, तुलनात्मक तक्ता केला, खरेदी समितीच्या सह्या घेतल्या. दुसऱ्या दोघांचे दर सोळा लाखांच्या पुढे होते. कमी दराला ऑर्डर द्या, हा ट्रस्टचाच नियम आहे. आज जे विश्वस्त माझ्याकडे बघून मान फिरवतात, त्यांच्याच सह्या त्या तक्त्यावर आहेत.

सगळ्यात कमी दर देणाऱ्या विक्रेत्यानं एका युरोपीय कंपनीच्या लेटरहेडवरचं अधिकृत विक्रेत्याचं पत्र दाखवलं. असं पत्र कोणी दाखवलं तर विक्रेत्यानं दिलेल्या नंबरवर फोन करू नका. कंपनीच्या मूळ पत्त्यावर स्वतः मेल करा. आम्ही नंतर केला, तर दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं की असा विक्रेता आमचा कधीच नव्हता.

आता तो डेमो. रात्री दोन वाजता डोळ्यांपुढे येतो तो हाच. तळमजल्यावरच्या मीटिंग रूममध्ये, डोक्यावर चार मजल्यांचे स्लॅब, खिडक्यांना पडदे. त्यानं टेबलावर मास्टर क्लॉक ठेवला, शेजारी अँटेना ठेवला, प्लग लावला आणि लगेच हिरवा दिवा लागला, "जीपीएस लॉक", म्हणजे उपग्रहांचा सिग्नल पकडला. सगळ्यांनी माना डोलावल्या. जीपीएसच्या अँटेनाला उघडं आकाश लागतं. उपग्रहांचा सिग्नल इतका क्षीण असतो की स्लॅबखाली तो बहुतेक मिळतच नाही, आणि मोकळ्या गच्चीवरसुद्धा पहिल्यांदा चालू केलेल्या रिसीव्हरला लॉक व्हायला थोडा वेळ लागतो. तळमजल्यावर, पडद्याआड, प्लग लावल्याबरोबर लॉक? तिथेच त्याला सांगायला हवं होतं, बाबा, हा डबा उचल आणि गच्चीवर चल. पण त्या खोलीत दोन डॉक्टर, एक सीए आणि एक निवृत्त अभियंता बसले होते. त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात शंका आली नाही. मग एकट्या माझ्याकडे बोट का?

पुढची युक्ती त्याहून नीच होती. त्यानं एका घड्याळाची विजेची वायर काढली, थोडं थांबून परत लावली, आणि घड्याळानं अचूक वेळ दाखवली. "बघा, मास्टरकडून वेळ उचलली." काही उचललं नव्हतं. आत नाण्याएवढा सेल होता. त्यावर घड्याळाची चिप चालूच राहते. वीज गेली की फक्त आकडे विझतात. खरी परीक्षा उलटी असते. घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे करा आणि हात न लावता ते जागेवर येतं का बघा. किंवा मास्टरवरच वेळ बदला. इमारतीतली सगळी घड्याळं मागोमाग बदलली पाहिजेत. अँटेनाची केबल काढा. मास्टरनं सिग्नल गेल्याची सूचना द्यायलाच हवी. या तिन्ही गोष्टी स्वतःच्या हातानं करा, त्याच्या माणसाला हात लावू देऊ नका, आणि शेवटचा हप्ता याच चाचणीला बांधून ठेवा.

ब्रोशरमध्ये आणखी एक थाप होती. जीपीएस बंद पडलं तरी ही घड्याळं "युरोपच्या अणुघड्याळाच्या रेडिओ सिग्नलवर" चालतात. तो सिग्नल खरा आहे. जर्मनीत फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेनहून ७७.५ किलोहर्ट्झवर प्रसारित होतो. पण त्याचा पल्ला साधारण दोन हजार किलोमीटर. आपल्याकडे तो पोहोचत नाही आणि भारतात तसं केंद्रही नाही. इथे कोणी "रेडिओ कंट्रोल्ड" भिंतीवरचं घड्याळ विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

सुरुवातीचे महिने सगळं सुरळीत चाललं आणि त्याचं कारण आता कळतं. कराराप्रमाणे त्याचा टेक्निशियन दर महिन्याला यायचा, हातात रिमोट घेऊन वॉर्डावॉर्डातून फिरायचा. सिस्टर विचारायच्या तेव्हा म्हणायचा, "फाइन ट्यूनिंग." स्वस्त क्रिस्टलवर चालणाऱ्या घड्याळात २० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत वीसची, चूक असली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतात, महिन्याला जवळजवळ एक मिनिट. कोणतं पुढे, कोणतं मागे. तो येऊन हातानं वेळ जुळवून जायचा. म्हणजे एक लाख तीनशे रुपये आम्ही त्याला फसवणूक टिकवून ठेवण्यासाठी दिले. जोडलेल्या यंत्रणेत एकेका घड्याळासमोर रिमोट धरायची गरज पडत नाही. कोणी तसं करताना दिसला तर जागच्या जागी धरा.

मग तो यायचा बंद झाला आणि घड्याळं पांगली. एका अपघाताच्या केसमध्ये कॅज्युअल्टीच्या रजिस्टरवर रुग्ण आल्याची वेळ ११:४२ आणि आयसीयूच्या कागदावर दाखल झाल्याची वेळ ११:३९. रुग्ण आधी आयसीयूत पोहोचला आणि नंतर दारातून आत आला! मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांत नोंदवावी लागणारी, केस. तपास अधिकाऱ्यानं आमच्या डॉक्टरांना उभं करून विचारलं, नोंदी मागाहून लिहिल्या का? ज्या डॉक्टरीणबाईंनी त्या रात्री त्या मुलाचा जीव वाचवला, त्यांना हे ऐकावं लागलं. मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या बायोमेडिकल इंजिनियरनं घड्याळ उघडलं. मास्टरकडून फॉल्स सीलिंगमधून आलेल्या दोन वायरी मागच्या कनेक्टरपर्यंत होत्या, पण आत त्या कनेक्टरपासून बोर्डापर्यंत काहीच नव्हतं. मास्टर क्लॉकमधला हिरवा दिवा थेट वीजपुरवठ्याला जोडलेला. गच्चीवरच्या अँटेनाची केबल डक्टमध्ये टेप गुंडाळून सोडलेली. आणि इतकी वर्षं आमच्या आयटी विभागाचे सर्व्हर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनपीएलच्या, एनटीपी सर्व्हरवरून, म्हणजे इंटरनेटवर अचूक वेळ देणाऱ्या सर्व्हरवरून, वेळ घेतच होते. भारतीय प्रमाण वेळ तीच प्रयोगशाळा राखते. लॅनवर, म्हणजे इमारतीतल्या कॉम्प्युटर नेटवर्कवर, चालणारी खरी घड्याळं घेतली असती तर तीच वेळ थेट भिंतीवर आली असती.

आता कार्यालयांबद्दल. पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न, "माल मिळाला ना? घड्याळं चालतात ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." उघडलेलं घड्याळ टेबलावर ठेवलं, तुटक वायर दाखवली. साहेब त्या घड्याळात किती वाजले ते बघत होते. आर्थिक गुन्हे शाखेत सांगितलं, रक्कम आमच्या मर्यादेत बसत नाही, ठाण्यातच जा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर ऑनलाइन व्यवहार नाही म्हणून नकार. वैधमापन शास्त्र कार्यालयात म्हणाले, वजनकाटे, पेट्रोल पंप सांगा, भिंतीवरची घड्याळं आमच्याकडे नाहीत. प्रमाण वेळेच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयानंच काढला, वैधमापन कायद्याखालीच काढला, आणि इथल्या टेबलावर त्याची खबर नाही! ग्राहक आयोगाच्या बाहेर एक वकील म्हणाले, ट्रस्ट ग्राहक आहे का यावरच आधी वर्ष जाईल.

जीएसटी कार्यालयानं तर कहर केला. विक्रेत्याची नोंदणी आमच्या बिलाच्या तारखेआधीच रद्द झाली होती. म्हणजे १,५४,३३२ रुपये कर म्हणून घेतले आणि सरकारला दिलेच नाहीत. रुग्णसेवा करमुक्त असल्यानं आम्हाला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मिळत नाही, म्हणून आमचे अकाउंटंट २बी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांचा पोर्टलवरचा तक्ता, तपासत नाहीत. हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तो रुग्णालयं आणि शाळाच निवडतो. अधिकारी म्हणाले, "तुम्ही क्रेडिट घेतलंच नाही, मग तुमचं काय नुकसान?" तो कर सरकारचा होता, साहेब! तुमच्याच खिशातून चोरलाय, आणि तुम्ही मला नुकसान विचारता? बिल हातात आलं की पैसे देण्याआधी नंबर जीएसटी पोर्टलवर टाका, दोन मिनिटं लागतात.

ठाण्यानं हाकललं तर गप्प बसू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार रजिस्टर पोस्टानं पाठवा, तिथेही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. आम्ही गेलोय. तारीख पडली आहे. ६४ घड्याळं, मास्टर आणि तो अँटेना पंचनामा होईपर्यंत सील करून ठेवले आहेत. रागाच्या भरात भंगारात देऊ नका, पुरावा तोच आहे.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण वेगळं आहे. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला एक कोटेशन दाखवलं. फर्मचं नाव नवीन, पण मजकूर शब्दन् शब्द तोच, "युरोपचं अणुघड्याळ" सुद्धा, आणि घड्याळाचा दर तोच ८,७५०. तुमच्या संस्थेत असं कोटेशन आलं असेल तर एक रुपयाही आगाऊ देऊ नका, कागदाची प्रत काढून ठेवा आणि मला कळवा. दंडाधिकाऱ्यांपुढे आम्हाला ती जोडायची आहे.