खेळाडू तोच, जर्सी कुठली? कॉलेजची की एनबीएची?

अमेरिकेत शिकलेला माणूस आपल्या कॉलेजच्या खेळाडूंची फोटो छापलेली कार्डं छंद म्हणून जमवायला लागला की पहिल्या काही महिन्यांतच अडतो. खेळाडू ठरलेला असतो, पण त्याचं कार्ड कुठलं घ्यायचं? कॉलेजच्या जर्सीतलं, की पुढे तो ज्या व्यावसायिक संघात गेला त्या संघाच्या जर्सीतलं? दोन्ही घ्यायची म्हटलं तर खिसा पुरत नाही आणि आल्बमही विस्कटतो. मी आधी काही वर्षं एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, कार्डं घेतली, मग ती बरीचशी विकून कॉलेजच्या कार्डांकडे वळलो. माझं कॉलेज चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. तुमचं पर्ड्यू असेल किंवा मिशिगन, नावं बदलून वाचा.

मी २००७ च्या ऑगस्टमध्ये बायोस्टॅटिस्टिक्स शिकायला चॅपल हिलला आलो. तोपर्यंत बास्केटबॉल म्हणजे शाळेच्या मैदानात कोपऱ्यात गंजलेली रिंग, एवढीच माझी ओळख. ६ एप्रिल २००९ च्या रात्री कॅरोलायनाने डेट्रॉइटमध्ये मिशिगन स्टेटला ८९-७२ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, आणि आम्ही सगळे खोलीतून धावत फ्रँकलिन स्ट्रीटवर गेलो. त्या गर्दीत अनोळखी माणसांच्या गळ्यात पडताना हे गाव आपलं आहे असं मला पहिल्यांदा वाटलं. टाय लॉसनने त्या अंतिम सामन्यात आठ वेळा चेंडू हिसकावला होता, वेन एलिंग्टन स्पर्धेतला सर्वोत्तम ठरला होता, आणि टायलर हॅन्सब्रो चार वर्षं थांबून अखेर जिंकला होता. नोकरी लागली, मॉरिसव्हिलला घर झालं, हातात थोडे पैसे आले, तेव्हा मला ही माणसं घरात हवी होती. माझ्या संग्रहामागे एवढंच कारण आहे आणि ते मी आधीच सांगतो, कारण तुमचं कारण वेगळं असेल तर माझा निष्कर्षही तुम्हाला कदाचित लागू पडणार नाही.

सुरुवात मी एनबीएच्या कार्डांपासून केली. सगळे जाणकार तेच सांगत होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. या छंदात ‘रूकी कार्ड’ म्हणून ज्याला मान आहे ते व्यावसायिक संघाच्या जर्सीतलं पहिलं कार्ड. कॉलेजच्या जर्सीतल्या कार्डाला तो शिक्का मिळत नाही. उद्या विकायला काढलंत तर गिऱ्हाईकही त्यालाच जास्त. मायकेल जॉर्डनचं उदाहरण घ्या. फ्लीअर कंपनीच्या १९८६ च्या संचातलं ५७ क्रमांकाचं कार्ड म्हणजे या छंदाचा कोहिनूर, आणि त्यावर तो शिकागोच्या लाल कपड्यांत आहे. कॅरोलायनात त्याने तीन वर्षं काढली, १९८२ ची अंतिम लढत शेवटच्या सेकंदांत जिंकून दिली, पण बाजाराला कॅरोलायनाच्या निळ्या जर्सीतल्या त्या जॉर्डनचं तेवढं कौतुक नाही.

तर २००९ चा माझा संघ मी एनबीएच्या कार्डांतून जमवला. हॅन्सब्रो इंडियानात गेला होता, एलिंग्टन मिनेसोटात. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, लॉसनला निवडलं मिनेसोटाने, पण त्याच रात्री तो डेन्व्हरकडे गेला. डॅनी ग्रीनची निवड झाली ४६ वी, क्लिव्हलंडकडून. पण त्याचं नाव झालं सॅन अँटोनियोत, म्हणून मी त्याचं तिथलं कार्ड घेतलं. पाचवा डिऑन थॉम्पसन. तोही त्या अंतिम सामन्यात सुरुवातीपासून खेळला होता, पण त्याची पुढची कारकीर्द युरोपात गेली, एनबीएत नाही. त्याच्या कप्प्यात ठेवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मधला कप्पा रिकामा सोडला आणि पान लावून टाकलं.

एका वर्षी आमच्याकडे गणपतीला मित्रमंडळी आली होती. मोठ्यांची आरती, प्रसाद, गप्पा चाललेल्या, आणि मित्राचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा माझा आल्बम मांडीवर घेऊन बसलेला. मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं, “हे बघ, हा आपला कॅरोलायनाचा संघ.” त्याने पान नीट न्याहाळलं. निळा-सोनेरी हॅन्सब्रो, काळा-रुपेरी ग्रीन, मिनेसोटातला एलिंग्टन. मग त्याने लॉसनवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “काका, यातला हा एकच कॅरोलायनाचा आहे ना? बाकीचे कोण?”

लॉसनच्या अंगात डेन्व्हरची जर्सी होती. त्या काळात डेन्व्हरचा बाहेरगावच्या सामन्यांचा रंग आकाशी होता, आमच्या निळ्याच्या अगदी जवळचा. म्हणजे त्या पोराला पानावर जे एकमेव कॅरोलायना दिसलं, तेही कॅरोलायना नव्हतं.

मी त्याला एकेकाची गोष्ट सांगितली, त्याने ऐकलीही. पण पाहुणे गेल्यावर मी तो आल्बम पुन्हा उघडला आणि मला ते पान बघवेना. ज्या संघासाठी मी रस्त्यावर नाचलो होतो तो त्यात कुठेच नव्हता. होते ते चार वेगवेगळ्या शहरांचे नोकरदार. कॉलेजचं नाव असलंच तर कार्डाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत, आणि आल्बमच्या कप्प्यात पाठ दिसत नाही. हा दोष छोटा वाटेल. किमतीत, छपाईत, कागदात त्या कार्डांना नाव ठेवायला जागा नव्हती. पण प्रत्येक कार्डाखाली तोंडी खुलासा जोडावा लागत असेल, तर त्याला कॉलेजचा संग्रह कसा म्हणायचं, हे मला त्या रात्रीनंतर कळेनासं झालं.

याच अडचणीचं दुसरं रूप म्हणजे १९९८ च्या ड्राफ्टमधली निवड. अँटवान जेमिसन आणि व्हिन्स कार्टर ही चॅपल हिलची जोडगोळी. टोरांटोने चौथ्या क्रमांकावर जेमिसनला घेतलं, गोल्डन स्टेटने पाचव्यावर कार्टरला, आणि त्याच रात्री दोघांची अदलाबदल झाली. ज्यांना एकत्र आठवायचं ते दोघे देशाच्या दोन टोकांना. कार्टरचं टोरांटोचं जांभळं कार्ड देखणं आहे, मी ते अजून ठेवलंय. पण ते मी कार्टरसाठी ठेवलंय, कॅरोलायनासाठी नाही.

आता दुसरी बाजू. कॉलेजच्या जर्सीतल्या कार्डांचा पसारा जरा विचित्र आहे आणि त्याचं कारण नियमांत आहे. १ जुलै २०२१ पर्यंत कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेण्याची मुभा नव्हती. त्यामुळे शिकत असलेल्या खेळाडूची कार्डं मोठ्या कंपन्या बाजारात आणू शकत नव्हत्या. जुन्या खेळाडूंची कॉलेजच्या जर्सीतली जी कार्डं दिसतात ती जवळपास सगळी त्यांनी कॉलेज सोडल्यावर छापलेली. मला यात उणं काही वाटत नाही. कोण मोठं झालं, कोण लोकांच्या आठवणीत राहिलं, हे ठरल्यावर ती निघतात.

त्यातला माझा लाडका संच १९८९ चा, कॉलेजिएट कलेक्शन नावाने निघालेला. आमच्या विद्यापीठाच्या बास्केटबॉलवरच तो काढला होता, आणि त्यात एकट्या जॉर्डनची अनेक कार्डं आहेत. छपाई तेव्हा भरमसाट झाली, त्यामुळे ग्रेडिंग न केलेलं, म्हणजे तपासून दर्जाचा शिक्का न मारलेलं, कार्ड मला एका कार्ड शोमध्ये दोन कॉफींच्या पैशांत मिळालं. जॉर्डन, २३ क्रमांक, छातीवर ‘नॉर्थ कॅरोलायना’. फ्लीअरचं कार्ड मी जन्मात घेऊ शकणार नाही, पण माझा जॉर्डन तो नव्हेच. माझा जॉर्डन म्हणजे एनबीएत गेल्यावर परत येऊन १९८६ मध्ये भूगोलाची पदवी पूर्ण करणारा मुलगा.

मग २००९ मध्ये एक वळण आलं आणि ते आमच्या पथ्यावर पडलं. एनबीएच्या कार्डांचा करार एकट्या पानिनी या कंपनीकडे गेला. जॉर्डन मात्र अपर डेक या दुसऱ्या कंपनीकडे बांधलेला. त्यांना तो शिकागोच्या जर्सीत दाखवता येईना, म्हणून त्यांनी त्याला कॅरोलायनाच्या जर्सीत छापायला सुरुवात केली. २०१०-११ मध्ये तर त्यांनी नॉर्थ कॅरोलायना बास्केटबॉलचा स्वतंत्र संचच काढला. तुमच्या कॉलेजचा असा संच निघाला असेल तर बाकी काही घेण्याआधी तो शोधा. आल्बमला कणा मिळतो.

जर्सीकडे बघायची सवयही मला या कार्डांनीच लावली. कॅरोलायनाच्या जर्सीच्या कडेला चौकटी-चौकटींची जी पट्टी आहे ती १९९१ मध्ये आली. चॅपल हिलचेच डिझायनर अलेक्झांडर ज्युलियन यांनी ती दिली. त्यामुळे जॉर्डन आणि त्याचा कॉलेजमधला सहकारी जेम्स वर्दी यांच्या कार्डांत ती नाही, कार्टर आणि हॅन्सब्रोच्या कार्डांत आहे. सगळी एका पानावर लावली की निळा रंग एकच राहतो आणि काळ सरकताना दिसतो. एनबीएच्या कार्डांतून हे कधीच मिळालं नसतं.

आणि ल्यूक मेसारख्यांचं काय? २०१७ मध्ये मेम्फिसला केंटकीविरुद्ध ०.३ सेकंद उरले असताना त्याच्या फेकीने कॅरोलायना ७५-७३ अशी जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या वर्गाला तो हजर होता. वर्गाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. तो एनबीएत कधी खेळला नाही. व्यावसायिक जर्सीचाच नियम लावला तर आमच्या इतिहासातल्या इतक्या गोड क्षणाला आल्बममध्ये जागाच नाही. त्याचा धाकटा भाऊ ड्रेक अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये २०२४ ला तिसऱ्या क्रमांकावर न्यू इंग्लंडने घेतला, त्याच्या कार्डांवर उड्या पडतात. माझ्या आल्बममध्ये दोघे भाऊ शेजारी-शेजारी आहेत, दोघेही निळ्यात.

कॉलेजच्या कार्डांत डोकेदुखी नाही असं नाही. काही कंपन्यांकडे विद्यापीठाचा परवाना नसतो, मग त्या जर्सीवरची अक्षरं आणि चिन्हं पुसून टाकतात. ऑनलाइन छोट्या फोटोत हे लक्षात येत नाही. मी एकदा सहीचं कार्ड चांगले पैसे मोजून मागवलं आणि पाकीट उघडल्यावर हातात आला कोऱ्या बनियनमधला खेळाडू. तेव्हापासून मोठा फोटो मागितल्याशिवाय घेत नाही. दुसरं म्हणजे २०२१ नंतर आलेला नव्या कार्डांचा पूर. बोमन युनिव्हर्सिटीसारख्या संचांत एकाच खेळाडूची इतक्या रंगछटांची कार्डं असतात की पूर्णत्वाचा नाद लागला तर पगार पुरणार नाही. शिवाय कार्डांच्या सीलबंद बॉक्समध्ये देशभरातली कॉलेजं एकत्र असतात. मी फोडलेल्या दोन बॉक्समध्ये मिळून कॅरोलायनाची कार्डं तीन निघाली. सुटी कार्डं घेणं परवडतं, आनंदही कमी होत नाही.

किंमतही फारशी वाढत नाही, हे कबूल करतो. अपवाद असतात. महिला बास्केटबॉलमधल्या केटलिन क्लार्कच्या, आयोवाच्या कॉलेज जर्सीतल्या, कार्डांवर लोकांची झुंबड उडते. पण तुमच्या कॉलेजातून अशी क्लार्क निघेलच असं नाही. मुलांच्या शिक्षणासाठी पैसे गुंतवायचे असतील, किंवा तुमचं प्रेम कॉलेजपेक्षा एका खेळाडूवर जास्त असेल आणि त्याचा पुढचा सगळा प्रवास तुम्ही पाहिला असेल, तर व्यावसायिक जर्सीचीच कार्डं घ्या, त्यात मला खोट दिसत नाही. फक्त माझा एक अनुभव सांगतो. एनबीएची कार्डं जमवत होतो तेव्हा मी इंडियाना आणि डेन्व्हरचे निकाल बघत बसायचो, कोणाचा गुडघा दुखावला हे तपासत राहायचो. कारण भाव त्यावर हलायचे. ज्या संघांशी माझा काडीचा संबंध नव्हता त्यांच्यासाठी माझा जीव टांगणीला. कॉलेजच्या कार्डांकडे वळलो आणि तो घोर संपला.

राहता राहिला हल्लीचा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो माझ्याच बाजूवर येतो. आता खेळाडू कॉलेजंही बदलतात. केलेब लव्हने २ एप्रिल २०२२ ला न्यू ऑर्लिन्समध्ये ड्यूकविरुद्ध शेवटच्या अर्ध्या मिनिटात तीन गुणांची फेक टाकली, आम्ही ८१-७७ असे जिंकलो, आणि ड्यूकच्या प्रशिक्षकांच्या, माइक शशेव्हस्कींच्या कारकिर्दीतला तो शेवटचा सामना ठरला. वर्षभराने लव्ह ॲरिझोनाला गेला. मग कॉलेजची जर्सी तरी कायमची कुठे, असं मित्र मला विचारतात. काहींनी त्याची निळी कार्डं विकून टाकली. मीही आठवडाभर विचार केला. शेवटी ते कार्ड कप्प्यातून काढलं नाही. ती फेक टाकताना त्याच्या अंगात जी जर्सी होती ती या कार्डावर आहे, आणि ॲरिझोनाचं त्याचं कार्ड मी घेतलेलं नाही.