पावसाळ्यात स्विमिंग पूल: पाणी आधी उतरवायचं, पंपाने उपसायचं की ओव्हरफ्लो काढायचा?

वाई, पाचगणी, महाबळेश्वरकडे बंगला असलेल्यांना मे महिना संपत आला की हा प्रश्न पडतोच. पाऊस तोंडावर, आणि पूल काठापर्यंत भरलेला.

पूल पार रिकामा करून ठेवायचा विचार असेल तर तो आधी सोडा. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि सगळ्यात महागात तोच पडतो. पावसाळ्यात जमिनीत पाणी मुरतं, पूलच्या भोवतीची आणि खालची पाण्याची पातळी वर येते. आतल्या पाण्याचं वजन टाकीला खाली दाबून धरतं. ते वजन काढून घेतलं की टाकी खालून उचलली जाते. फायबरची हलकी असल्याने लवकर उचलते. आरसीसीच्या टाकीचाही तळ फुगतो, भिंतींना तडे जातात.

आता हिशेब. 1 मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर पाणी. 10 बाय 5 मीटरच्या पूलमध्ये 100 मिमी पावसाने 5,000 लिटर पाणी वाढतं, पातळी 4 इंच चढते. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिमी पाऊस झाला होता. म्हणजे याच पूलमध्ये जवळपास 30,000 लिटर, तेही डेकवरून, म्हणजे पूलभोवतीच्या फरशीवरून, वाहून येणारं पाणी न धरता.

पाणी आधी उतरवणं सगळ्यात स्वस्त. मोटर बंद करायची, सँड फिल्टरच्या व्हॉल्व्हचा दांडा ‘वेस्ट’वर (म्हणजे पाणी फिल्टरमधून परत पूलमध्ये न जाता थेट बाहेर) न्यायचा आणि मगच मोटर चालू करायची. चालू मोटरवर दांडा फिरवला तर आतलं गास्केट जातं. पातळी स्किमरच्या, म्हणजे वरचं पाणी फिल्टरकडे ओढणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या, तोंडाखाली जाणार असेल तर स्किमरची लाइन बंद करून फक्त तळाच्या ड्रेनमधून ओढायचं, नाहीतर मोटर हवा खाते. सातारा शहरात किंवा वाईच्या पूर्वेला 6 इंच उतरवलं की बहुतेक वेळा भागतं. महाबळेश्वरात एखाद्या दिवसाच्या पावसातच ही जागा भरून जाते, आणि दरवेळी क्लोरीन घातलेलं तयार पाणी वाया जातं ते वेगळंच.

सबमर्सिबल पंपाने काम झटपट होतं. अडचण एकच, पण मोठी: ज्या रात्री पाऊस कोसळतो त्याच रात्री लाईट जाते. जनरेटर आणि तो चालू करणारा माणूस दोन्ही जागेवर असतील तरच या पंपावर विसंबावं. मुक्काम पुण्या-मुंबईत आणि बंगल्याला कुलूप असेल तर त्याचा उपयोग नाही.

माझं मत ठामपणे ओव्हरफ्लोच्या बाजूने आहे. नेहमीच्या पातळीच्या थोडं वर भिंतीत पाइप काढायचा आणि उताराने बाहेर सोडायचा. वीज नको, पाऊस कोसळताना हजर राहणारा माणूस नको. वर साचलेलं पावसाचं पाणी आधी निघून जातं, तळाचं बरंचसं जागेवर राहतं. पाइप 2 इंची टाकून पैसे वाचवू नका, 4 इंची घ्या. तोंडाला जाळी लागतेच, आणि पाचगणीत गोम तिथेच आहे: सिल्व्हर ओकची पानं भिजली की जाळीला एकावर एक चिकटतात आणि थेंबही पुढे जाऊ देत नाहीत. सपाट जाळीऐवजी बाहेर फुगलेली, टोपलीसारखी जाळी बसवा. पानं खाली चिकटली तरी वरून वाट राहते. केअरटेकरला आठवड्यातून दोनदा ती साफ करायला सांगा.

पूल बांधून झालाय आणि फरशी फोडायची नाही? मग आधी उतरवणं आणि पंप, दोन्ही ठेवा. पण भिंत फोडून पाइप काढायचाच असेल तर काम उन्हाळ्यात उरका. वॉटरप्रूफिंग ओल्या भिंतीवर धरत नाही.

कुठलाही मार्ग घेतला तरी डोंगराच्या बाजूला चर खणाच. वरून येणारं लाल गढूळ पाणी एकदा पूलमध्ये शिरलं की ओव्हरफ्लो पातळी सांभाळेल, गाळ तसाच राहील. मोटर खड्ड्यात बसवलेली असेल तर तिच्यासाठीही निचरा हवा. पाऊस उघडला की पीएच आणि क्लोरीन तपासा, कारण दोन्ही उतरलेले असतात. आणि बाहेर पडणारं पाणी शेजाऱ्याच्या स्ट्रॉबेरीच्या वावरात जाणार नाही, हे पाइप टाकतानाच त्याच्यासोबत उभं राहून ठरवून घ्या.