हाताचं रोलिंग मशीन: आठ महिने आणि तीन दात

पट्टी डावीकडे वळते. आठ महिन्यांत या मशीनबद्दल माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेलं वाक्य हेच. 110 मिमी रुंद सपाट रोलर, 4:1 गिअर (हँडलच्या चार फेऱ्यांत रोलरची एक), टेबलाला चार बोल्ट. दोन रोलरमधली फट कमी करत जायची आणि हँडल फिरवून धातूची पट्टी त्यातून पातळ करून काढायची. तारेच्या खाचांचं मॉडेल घेतलं नाही. तारेसाठी जंतर (तार ओढून बारीक करायची छिद्रांची पट्टी) घरात असताना त्याचे जादा पैसे कशाला?

चांगलं आधी सांगते. 2 मिमीची तांब्याची पट्टी 1 मिमीवर आणायला पूर्वी हातोडीने अर्धी संध्याकाळ जायची, आता दहा-बारा फेऱ्यांत होते. जाडी निम्मी झाली की मी थांबते आणि अंधाऱ्या कोपऱ्यात पट्टी मंद लाल दिसेपर्यंत ताव देते, म्हणजे तापवून मऊ करते. हा थांबा टाळला की कडा चिरतात. आणखी एक फेरी निघेल, असं प्रत्येक वेळी वाटतं, निघत नाही.

पण पट्टी वळते. सरळ घातलेली पट्टी पलीकडून विळ्यासारखी बाहेर येते. कारण साधं आहे: ज्या बाजूला रोलर जास्त दाबतात तिथला धातू पातळ होऊन लांबतो आणि पट्टी जाड बाजूकडे झुकते. म्हणजे डावीकडे फट मोठी. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "मॅडम, तुम्ही पट्टी तिरकी घालताय." व्हिडिओ पाठवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाले, मशीन पाठवून द्या, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. पंचवीस किलोचं लोखंडी धूड! सोबतचं माहितीपत्रक एका पानाचं आणि त्यावर चित्र भलत्याच मॉडेलचं. या परीक्षणात पाचपैकी दोनच तारे द्यायचे असं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

इथपर्यंतचं लिहून महिना झाला. मधल्या काळात खर्च वाचवण्याच्या हट्टापायी वरचं झाकण मीच काढलं. आत वरच्या रोलरला दोन्ही टोकांना खाली दाबणारे दोन स्क्रू, दोघांच्या डोक्यावर दातेरी चाकं आणि मधे एक चाक, जे दोघांना एकदम फिरवतं. मधलं चाक उचललं की एकच स्क्रू वेगळा फिरवता येतो. एवढंच! हे फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

एकाच पट्टीतून कापलेले दोन तुकडे रोलरच्या दोन्ही टोकांना एकदम घातले आणि मायक्रोमीटर लावला. डावा तुकडा 0.08 मिमीने जाड. स्क्रूचे आटे 1.5 मिमीचे, म्हणजे एका फेरीत तो तेवढा सरकतो, आणि चाकाला 30 दात, म्हणजे एका दाताला 0.05. प्रत्यक्षात तुकड्यांवर 0.03 चाच फरक पडतो, कारण स्क्रू त्यांच्याहून बरेच बाहेर आहेत. डावा स्क्रू एक दात आवळला: 0.05 उरले. दुसरा दात: 0.02. तिसऱ्याला उजवी बाजू 0.01 ने जाड झाली आणि मी हात जोडले. मधल्या चाकावर आणि शेजारच्या दोन्ही दातांवर रंगाचे ठिपके देऊन ठेवलेत, पुन्हा उघडलं तर शोधाशोध नको.

तरी काही पट्ट्या वळतच होत्या. ज्या ओतीव लगडीतून पट्टी काढते ती लगड मोजली तेव्हा कळलं की साचा पातळीत नव्हता आणि मी ओतलेली लगडच एका बाजूला जाड होती. तेव्हा फोनवरचा माणूस चार आण्यांइतका बरोबर होता. हे त्याला सांगणार नाही. तारे मात्र चार करते.

पाचवा तारा गेला तो माझ्याच हाताने. ताव देऊन पाण्यात विझवलेली पट्टी घाईत नीट न पुसता रोलरमध्ये घातली आणि तशीच झोपायला गेले. सकाळी वरच्या रोलरवर तांबूस ठिपका. बारीक पॉलिश पेपरने घासला, तेल लावलं, रंग गेला, खड्डा राहिला. तेव्हापासून लांब पट्टीवर साधारण 157 मिमीच्या अंतराने तोच पुटकुळीसारखा उंचवटा उठतो. रोलरचा व्यास 50 मिमी, म्हणजे घेर तेवढाच. पट्टीवर असा ठरावीक अंतराने डाग दिसला तर पट्टीला दोष देऊ नका, अंतर मोजा. रोलर पुन्हा ग्राइंड करून घेता येतात, पण त्यासाठी मशीन पाठवावं लागेल, आणि तो फोन मला करायचा नाही.

मग उपाय असा काढलाय: रोलरच्या टोकावर, खड्ड्याच्या बरोबर रेषेत, खडूची खूण केली आहे. पट्टी दीडशे मिमीच्या आतच कापते. हँडल फिरवत खूण फटीतून पार झाली रे झाली की पट्टीचं टोक आत सारते. खड्डा पूर्ण फेरी मारून परत येईपर्यंत पट्टी पलीकडे निघालेली असते.