वॉटर्लूचा इम्पोर्टेड सेट घेतला पण कामाला आला टॉवेल

१/७२ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा, वॉटर्लूचा (नेपोलियन हरला ती लढाई) मॉडेल सेट मागवला, त्यात रणांगणातलं ला हे सँतचं फार्महाऊस, फ्रेंच पायदळ आणि आतून लढणारे किंग्ज जर्मन लीजनचे (इंग्रजांच्या फौजेतले जर्मन) हिरव्या कोटातले रायफलवाले. ऑनलाइनच घ्यावा लागतो, नवी पेठ पालथी घातली तरी असलं काही सोलापुरात मिळत नाही. कंपनीचं नाव घेत नाही कारण थोडं वाकडं बोलणारे.

सैनिक मस्त आहेत. अडीच सेंमीच्या आतबाहेर उंची, तरी बटणं, पाठीवरची सॅक सगळं दिसतं. पण प्लास्टिक मऊ, निम्म्या संगिनी वाकलेल्या आल्या. गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि धरूनच गार पाण्यात टाका, बसतात. रंगाआधी भांड्याच्या साबणानं धुवून प्रायमर माराच, नाहीतर बोट लागलं की पापुद्रे निघतात. आणि मे महिन्यात फॅनखाली ॲक्रिलिक लावायला बसू नका, ब्रश सैनिकापर्यंत पोचेस्तोवर रंग वाळलेला असतो.

फार्महाऊसच्या कोठाराला मोठं दार दिलंय, अगदी बिजागरीसकट. ते लावायचंच नाही! १७ जून १८१५ च्या रात्री धो धो पाऊस, सैनिकांनी ते दार फोडून शेकोटीत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी आतल्या तुकडीचा प्रमुख मेजर बेअरिंगच्या माणसांना तेच उघडं तोंड जीव देऊन अडवावं लागलं. शेवटी संध्याकाळी गोळ्या संपल्या म्हणून जागा सोडली. एवढा महागडा सेट काढताना हे कुणी वाचलं नसेल काय?

सगळ्यात बोगस म्हणजे सोबतची गवताची शीट, हिरवीगार, क्रिकेटच्या ग्राउंडवर शोभेल अशी. तिथं तर राय नावाचं पीक उभं होतं, आपल्या शाळूत माणूस शिरला की दिसत नाही तसलं उंच, आणि दुपारपर्यंत घोडे-तोफांनी पार तुडवलेलं. मग मी अक्कलकोट रोड एमआयडीसीकडनं सेकंडचा टेरी टॉवेल आणला. त्याचे लूप चार-पाच मिमी, म्हणजे ७२ नं गुणलं की फूटभर, तुडवलेल्या पिकाला एकदम करेक्ट. पाणी घातलेला फेव्हिकॉल चोपडा, ओला असतानाच तारेच्या ब्रशनं एका बाजूला झोपवा, वाळला की पिवळट-तपकिरी रंग. कडेला उभं पीक पाहिजे तर काथ्याच्या पायपुसणीचे दोन सेंमीचे झुबके कापून चिकटवा. चिखलाला आपली काळी माती चाळून चालते, पण नुसती नको, लई काळी दिसते, तांबडी मिसळा.

सैनिकांसाठी पाचपैकी चार, फार्महाऊसला तीन, गवताच्या शीटला भोपळा. फक्त सैनिकांचा बॉक्स वेगळा मिळत असेल तर तोच घ्या, घर फोमबोर्डचं घरी होतं. टॉवेल मात्र पांढराच मागा, डिझाइनवाल्यावर रंग बसत नाही.