पीटीएसडी आणि माजी सैनिक: कुठला उपचार कोणाला मानवतो?

पीटीएसडी म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात रुतून राहिलेल्या आघाताचा आजार. त्यावर उपचार घ्यायचे हे एकदाचं ठरलं की पुढचा घोळ सुरू होतो: कुठले? माजी सैनिकाला साधारण चार पर्याय सांगितले जातात. प्रोलाँग्ड एक्स्पोजर, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी म्हणजे सीपीटी, ईएमडीआर आणि गोळ्या. अमेरिकेतल्या माजी सैनिक आणि संरक्षण खात्यांच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी या तिन्ही थेरपींना गोळ्यांच्या वर ठेवलंय. तेव्हा आधी थेरपीचंच ठरवा.

एक्स्पोजरमध्ये त्या प्रसंगाला थेट भिडावं लागतं. साधारण 8 ते 15 सत्रं, एकेक बहुधा दीड तासाचं. डोळे मिटून प्रसंग आत्ता घडतोय असा सांगायचा: ‘मी गाडीतून उतरतोय, डावीकडे धूर दिसतोय...’ संपला की पुन्हा पहिल्यापासून. हे रेकॉर्ड होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं. शिवाय गर्दी, पूल, मोठे आवाज असं जे जे टाळत आलात, त्याच्याजवळ पायरीपायरीने जायचं. टाळाटाळीवरच भीती पोसली जाते, आणि ती रसदच इथे तोडतात. सुरुवातीला मात्र त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो.

सीपीटीची 12 सत्रं, तासाभराची. इथे प्रसंगापेक्षा त्यातून डोक्यात घट्ट बसलेल्या वाक्यांवर काम होतं. ‘मी रस्ता बदलला असता तर तो वाचला असता.’ हे वाक्य तक्त्यात लिहायचं आणि शेजारच्या रकान्यांत उत्तरं द्यायची: पुरावा काय? त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होतं? दुसरा रस्ता सुरक्षित होता, हे कशावरून? प्रसंगाचं सविस्तर वर्णन केलंच पाहिजे असं नाही. भीतीपेक्षा अपराधीपणा जास्त खात असेल, तर मी सीपीटीच सुचवेन. लिहिण्याचा कंटाळा असेल तर मात्र जड जाईल, कारण गृहपाठ जवळजवळ रोजचा.

या दोन्हींची 916 माजी सैनिकांवर केलेली अमेरिकेतली तुलना 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. एक्स्पोजर आकड्यांत किंचित पुढे होतं, पण प्रत्यक्षात जाणवावा एवढा तो फरक नव्हता. डोळ्यांत भरते ती गळती: एक्स्पोजर सुमारे 56 टक्के लोकांनी अर्धवट सोडलं, सीपीटी सुमारे 47 टक्क्यांनी. म्हणून ‘जास्त प्रभावी कुठली’ यावर फार डोकं शिणवू नका. यातलं शेवटपर्यंत काय रेटता येईल, ते बघा.

ईएमडीआर फ्रान्सिन शापिरो यांनी 1987 च्या सुमारास सुरू केली. आठवण मनात धरून थेरपिस्टच्या बोटामागे नजर फिरवायची. नजर फिरवल्याने नेमकं काय साधतं यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. गुण येतो, हे मात्र मान्य आहे. तपशील फारसा बोलावा लागत नाही आणि गृहपाठ कमी. मोहीम गोपनीय होती किंवा तोंडून शब्दच फुटत नाही, अशांना ही सोयीची.

गोळ्यांमध्ये सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या तिघांना आधार आहे. गुण यायला काही आठवडे लागतात. लैंगिक तक्रारींमुळे बरेच जण गुपचूप गोळी बंद करतात. त्यापेक्षा डॉक्टरांना सांगा, कारण एकदम थांबवल्यास चक्कर, बेचैनी असे त्रास होतात. अल्प्राझोलामसारख्या शांत करणाऱ्या गोळ्या पीटीएसडीसाठी नकोच, असं 2023 च्या त्याच सूचना सांगतात. दारूचं व्यसन असेल तर ते सुटेपर्यंत थेरपी लांबवायचीही गरज नाही. व्यसनाचे उपचार आणि थेरपी दोन्ही बरोबर चालू शकतात. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र ही निवड राहू द्या, आधी तातडीची मदत घ्या.

प्रवास जमत नसेल तर व्हिडिओवरूनही या थेरपी होतात. पहिल्या भेटीत थेरपिस्टला सरळ विचारा: या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय का, सत्रं किती, गृहपाठ काय? ‘बोलत राहू, बघू’ एवढंच उत्तर आलं, तर दुसरा थेरपिस्ट शोधा.