पीएचडी फार्माकॉलॉजीत (औषधशास्त्रात): उंदरांवर काम करायचं की रुग्णांवर?

एम. फार्म. झालं, नेट क्लिअर झाली, गोव्यातच राहून मेडिकल कॉलेजातून पीएचडी करायची आहे. अशा वेळी गाडी अडते ती विषयापाशी: प्राण्यांवरचं विषशास्त्र घ्यायचं की रुग्णांवरचा अभ्यास? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) असेल तर पहिली २ वर्षं महिना ३७,००० रुपये. हे दोन्हीकडे सारखंच. वेळ मात्र वेगवेगळ्या जागी खर्च होतो.

प्राण्यांवरच्या विषशास्त्रात तयारी लांबते, प्रयोग ठरल्या दिवशी संपतो. ओईसीडी ४०७ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतली २८ दिवसांची चाचणी घ्या: औषध न दिलेला कंट्रोल गट आणि तीन डोसचे तीन गट, प्रत्येक गटात ५ नर, ५ माद्या, म्हणजे ४० उंदीर (रॅट). प्राणी नैतिकता समितीकडे या आकड्याचं कारण लेखी द्यावं लागतं. वनस्पतीचा अर्क असेल तर आधी गणित मांडा. २५० ग्रॅमच्या उंदराला किलोमागे रोज १००० मिलिग्रॅम म्हणजे २८ दिवसांत ७ ग्रॅम. वरच्या डोसच्या दहा उंदरांनाच ७० ग्रॅम, ५०० आणि २५० चे गट धरून १२२.५ ग्रॅम. अर्क ५ टक्के निघत असेल तर अडीच किलो सुका पाला लागेल. तो एकदमच गोळा करा. अर्धा पावसाआधी, अर्धा पावसानंतर आणला तर घटक बदलतात आणि निष्कर्ष डळमळतात. गव्हाजची, म्हणजे तोंडातून थेट पोटात औषध सोडायची नळी चुकून श्वासनलिकेत गेली तरी उंदीर मरतो, आणि तो मृत्यू औषधाच्या नावावर जमा होतो. म्हणून मेलेल्या प्रत्येक उंदराची फुप्फुसं उघडून पाहायचीच. प्राणिगृहातली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर जाऊ नये. गोव्याच्या जुलैत डीह्युमिडिफायरशिवाय हे जमत नाही.

रुग्णांवरच्या कामात उलटं. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत रुग्णांची वाण नाही, पण सिंधुदुर्ग-कारवारहून आलेला माणूस तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला परत येईलच असं नाही, आणि चवथीच्या दिवसांत तर गोव्यातलेही येत नाहीत. २० टक्के गळती धरली तर १०० पूर्ण रुग्णांसाठी १२० नव्हे, १२५ घ्यावे लागतात. संमतिपत्र कोंकणी आणि मराठीतही हवं, आणि प्रत्येक भाषांतराला मानवी संशोधनाच्या नैतिकता समितीची मंजुरी हवी. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या देशाच्या ट्रायल नोंदवहीत नोंदणी. मागाहून होत नाही.

फार्मा कंपनीच्या सेफ्टी किंवा टॉक्सिकॉलॉजी विभागात जायचं असेल तर आम्ही पहिली वाट सुचवू. फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणं) किंवा ट्रायल्सच्या कामासाठी दुसरी. मेडिकल कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर एनएमसीचे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे) ताजे नियम प्रवेशाआधी वाचा. या विषयातल्या एमएस्सी-पीएचडीधारकांना २०२५ मध्ये दार पुन्हा उघडलं आहे, पण एम. फार्म.ला ते आपोआप लागू होतं असं धरून चालू नका.